हवापालट ते हवापरीक्षा : क्षयरोग, रुग्णालय आणि ‘हवा’ या शब्दाचा इतिहास

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील आपले लष्करी ठाणे दापोली येथे वसविले. हर्णै बंदरापासून दापोलीचे पठार फार दूर नाही. परंतु ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच असल्यामुळे किनाऱ्यावरील दमट उष्मा तेथे बराच सौम्य होतो. गोऱ्या सैनिकाला मानवेल अशी हवा हा त्या काळी छावणीच्या जागेचा मोठा गुण मानला जाई, आणि तो गुण या पठारास होता. पुढे पलटणी गेल्या, तरी ‘कँप दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. अलीकडे पर्यटनाच्या निमित्ताने ‘मिनी महाबळेश्वर’ असे दुसरे नाव त्यास जोडले गेले आहे. एक नाव लष्करी असून दुसरे व्यापारी आहे. परंतु गावाची ओळख त्याच्या हवेवरून ठरवावी ही कल्पना दोन्ही नावांच्या मुळाशी आहे.

ही कल्पना एकट्या दापोलीची नव्हे. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाचा तो पायाच होता. ज्या हवेची स्तुती करून आरोग्यधामे उभारली गेली, तीच हवा रुग्णालयाच्या खोलीत क्षयजंतूंची वाहक ठरते, हे सिद्ध होण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या विलंबाची कारणे बहुधा उपकरणांच्या अभावात शोधली जातात, आणि ती काही अंशी खरीही आहेत. परंतु ‘हवा’ या शब्दाने कोणती वस्तू निर्दिष्ट होते, या प्रश्नाचाही त्या विलंबाशी निकटचा संबंध आहे. या दुसऱ्या अंगाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

मराठीतील ‘हवा’ हा शब्द मूळचा अरबी असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. फारसीतील ‘आबोहवा’ या जोडशब्दात पाणी आधी व हवा मागून येते. मराठीने तो क्रम उलटा करून ‘हवापाणी’ असा समास रूढ केला. अर्थ मात्र तोच राहिला : एखाद्या स्थळाचा प्रकृतीवर होणारा एकंदर परिणाम. या शब्दाची षष्ठी स्थळवाचक नामाशी सहज जुळते. ‘घाटावरची हवा’, ‘कोकणची हवा’, ‘दापोलीची हवा’ असे प्रयोग नित्याचे आहेत. त्याच्या जोडीला येणारी क्रियापदेही लक्षणीय आहेत. हवा मानवते, बाधते, लागते. ती खाल्ली जाते आणि पालटली जाते. ‘हवापालट’ या शब्दाचा वाच्यार्थ हवा पालटणे असा असला, तरी पालटते ते स्थळ. बंद खोलीतील हवा बाहेर जाऊन तिच्या जागी दुसरी यावी, या क्रियेस त्या तोडीचा रूढ शब्द बोलीत आढळत नाही. ‘कोंदट’ आणि ‘हवेशीर’ ही विशेषणे आहेत. परंतु ती गुण सांगतात, परिमाण सांगत नाहीत.

रोगाच्या संक्रमणासाठी वापरले जाणारे शब्द याउलट स्पर्शाकडे वळलेले आहेत. ‘लागण’ हे ‘लागणे’ या धातूवरून आलेले नाम आहे; ‘संसर्ग’ या संस्कृत शब्दातही एकत्र येण्याचा अर्थ प्रधान आहे. श्वासाचे भान मात्र परंपरेस नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठप्रकरणाच्या अखेरीस, एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या औपसर्गिक रोगांत शोषाची, म्हणजे क्षयाची गणना केलेली असून, संक्रमणाच्या मार्गांत अंगस्पर्श, सहभोजन, एकशय्या यांच्याबरोबर निःश्वासाचाही निर्देश आहे. लोकभाषेतही त्याची खूण उरली आहे. ज्याचा संपर्क सर्वथा टाळावयाचा, त्याच्या ‘वाऱ्यासही उभे राहू नये’ असे मराठी माणूस म्हणतो. या वाक्प्रचारात वारा हा माणसाकडून माणसाकडे येतो. ‘हवा’ मात्र गावाकडून माणसाकडे येते. एकाच द्रव्यास लावलेल्या या दोन शब्दांचे कार्यक्षेत्र असे भिन्न राहिले.

शब्दाने विचारास जखडून ठेवले, असा निष्कर्ष यावरून काढणे अतिव्याप्त होईल. पाश्चात्त्य भाषांतही हीच स्थिती होती. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द ‘वाईट हवा’ या अर्थाचा आहे. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी येथे क्षयरोग्यांसाठी काढलेल्या आरोग्यधामास ‘बेल-एअर’ हे नाव दिले गेले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘चांगली हवा’ असा होतो. मिरज येथे १९२० मध्ये सुरू झालेले वानलेस क्षयरोग आरोग्यधामही याच विचारपरंपरेतले. शुद्ध हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार एवढीच साधने वैद्यकाच्या हाती असताना दुसरा उपाय तरी कोणता होता?

२

दापोलीच्या परिसराला या विचाराची दुसरी बाजूही अनुभवावी लागली. रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या गिरण्यांना मजूर पुरविणारा प्रमुख जिल्हा होता. हर्णै बंदरातून आगबोटीने मुंबईस जाणारा चाकरमानी चाळीतील एका खोलीत अनेकांसह राही. तेथे खोकला व बारीक ताप सुरू झाला की हवापालटासाठी तो गावी परते. त्याच्या दृष्टीने तो वाईट हवेतून चांगल्या हवेत येत होता. परंतु कोकणातील पावसाळ्यात चहूबाजूंनी बंद केलेल्या घरात, चुलीच्या उबेला, कुटुंबाच्या सान्निध्यात तो झोपत असे, तेव्हा गावाची हवा कितीही निर्मळ असली तरी खोलीची हवा त्याच्या श्वासाने भारलेली असे. शहरातून गावाकडे रोग जाण्याच्या या वाटेकडे त्या काळच्या क्षयरोगविषयक लेखनाने वारंवार लक्ष वेधले आहे.

शहरात मात्र खोलीच्या हवेचा विचार अंशतः सुरू झाला होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास, इमारतीसमोर मोकळी जागा किती असावी हे ठरविण्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुरस्कारिला. हवा आणि उजेड यांना अंशांत मोजता येईल असे रूप आले. त्याहीपूर्वी, १८५८ मध्ये, मॅक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने माणसांनी भरलेल्या खोलीतील कर्बवायूचे प्रमाण हे हवा किती खेळती आहे याचे गमक मानले होते. हजारात एक भाग ही त्याची मर्यादा आजही उद्धृत केली जाते. परंतु ही मापने हवेच्या मलिनतेची होती. तिच्यात रोगबीज आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर होता.

३

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर अल्पावधीतच कॉख यांचे सहकारी गेऑर्ग कॉर्नेट यांनी रुग्णालये, तुरुंग व खाजगी घरे यांच्या भिंतींवरील धूळ गोळा करून ती गिनीपिगांना टोचली. रोगी जेथे बेपर्वाईने थुंकत, तेथील धुळीने प्राण्यांना क्षय होतो असे त्यांना आढळले. रुग्णालयाच्या परिसराची क्षयजंतूंसाठी केलेली ही पहिली पद्धतशीर तपासणी म्हणता येईल. मात्र ती भिंतीवर बसलेल्या धुळीची होती, श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेची नव्हती. शतकाच्या अखेरीस ब्रेस्लौ येथील कार्ल फ्ल्युगे यांनी बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांकडे लक्ष वेधले. हे तुषार रोग्याच्या आसपासच खाली पडतात, असा त्यातून बहुतेकांनी अर्थ घेतला. १९१० मध्ये अमेरिकन आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी आपल्या ग्रंथात हवेतून होणाऱ्या संसर्गाविषयी तीव्र संशय व्यक्त केला आणि स्पर्श व निकट सान्निध्य यांवर भर दिला.

चेपिन यांच्या भूमिकेमागे सबळ हेतू होता. दुर्गंधीयुक्त ‘दूषित हवा’ हे रोगाचे कारण मानणाऱ्या जुन्या समजुतीपासून आरोग्यशास्त्रास सोडवावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु समजूत टाकताना हवाही टाकली गेली. ‘येथे थुंकू नये’ या पाट्या, पिकदाण्या आणि रोग्याची स्वतंत्र भांडी यांत संसर्गप्रतिबंध सामावला. वॉर्डातील हवा ही केवळ रोग्यास पथ्यकर अशी वस्तू राहिली.

४

ही धारणा बदलण्याचे श्रेय विल्यम फर्थ वेल्स या अभियंत्याकडे जाते. १९३४ मध्ये वेल्स यांनी दाखविले की तोंडावाटे उडालेला मोठा थेंब जमिनीवर पडतो, परंतु लहान थेंब पडण्यापूर्वीच वाळतो आणि त्यातील जंतूसह एक अतिसूक्ष्म कण मागे उरतो. हा कण तासन्‌तास हवेत तरंगत खोलीभर पसरतो. पुढे सशांवरील प्रयोगांत असे आढळले की क्षयजंतूंचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचून रोग उत्पन्न करतात. मोठे कण वाटेतच अडतात.

आता उरला प्रश्न तो खऱ्या वॉर्डातील हवेचा. ती तपासण्यात अडचणी अनेक होत्या. क्षयजंतू संवर्धनपात्रात वाढण्यास कित्येक आठवडे घेतो, आणि तोवर हवेतील इतर जंतू व बुरशी ते पात्र व्यापून टाकतात. शिवाय वॉर्डातील हवेत जिवंत क्षयजंतू असलेले कण अत्यंत विरळ असतात. या अडचणींवर वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी बॉल्टिमोर येथील सैनिकांच्या रुग्णालयात जो उपाय योजिला, तो विज्ञानाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. क्षयरोग्यांच्या सहा खोल्यांतील सर्व हवा नळांवाटे वर नेऊन गिनीपिगांच्या कोठडीतून सोडण्यात आली. गिनीपिगास मानवी क्षयजंतूची लागण अत्यंत सहज होते. म्हणून प्रत्येक प्राणी हा दिवसरात्र हवा गाळणारे एक जिवंत उपकरण बनला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निरीक्षणात सरासरी सुमारे १५६ प्राण्यांच्या समूहातील ७१ प्राण्यांना लागण झाली. प्राण्यांतील जंतू आणि खालच्या रोग्यांचे जंतू यांचा औषधांना होणारा प्रतिकार ताडून, कोणत्या रोग्यापासून कोणत्या प्राण्यास रोग झाला याचाही माग अनेक वेळा काढता आला. पुढील टप्प्यात हवेचा एक प्रवाह अतिनील किरणांतून नेण्यात आला. त्या प्रवाहातील हवा घेणाऱ्या प्राण्यांपैकी एकासही लागण झाली नाही.

या प्रयोगातून निघालेला एक आकडा विशेष बोलका आहे. सरासरी अकरा ते बारा हजार घनफूट हवेत लागण घडविण्यास पुरेसा असा एक अंश आढळला. सव्वातीन लाख लिटर हवेत एक, असे हे प्रमाण. काही लिटर हवा काचपात्रावर घेऊन त्यात क्षयजंतू न सापडणे हा हवेच्या निर्दोषपणाचा पुरावा का ठरत नाही, ते यावरून कळते. आता याच आकड्याकडे परिचारिकेच्या दृष्टीने पाहावे. स्वस्थ माणूस तासाला पंधरा ते वीस घनफूट हवा आत घेतो. त्या हिशोबाने आठ तासांच्या सुमारे ऐंशी पाळ्यांत ती अकरा-बारा हजार घनफूट हवा श्वासावाटे घेते. एका तासाचा धोका नगण्य वाटावा, परंतु वर्षभराच्या नोकरीत तो जवळजवळ अटळ ठरावा, असे या गणिताचे स्वरूप आहे.

५

१९५९ हे वर्ष दुसऱ्याही एका कारणाने महत्त्वाचे आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध केला. काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीच्या, गरिबीच्या घरांतच ठेवून एकच औषधे देण्यात आली. दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखा आला. १९६६ मध्ये एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रोग्यांच्या कुटुंबीयांची पाच वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. घरी उपचार घेतलेल्यांच्या निकटवर्तीयांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. आरोग्यधामांच्या युगावर पडदा पडला, आणि भारताच्या क्षयरोग कार्यक्रमाला १९६२ मध्ये घरगुती औषधोपचाराचा पाया लाभला.

म्हणजे एकाच वर्षी हवेविषयी दोन सिद्धांत पुढे आले. मद्रासने सांगितले की चांगली हवा क्षय बरा करण्यास आवश्यक नाही. बॉल्टिमोरने सांगितले की बंदिस्त हवा क्षय पसरविण्यास पुरेशी आहे. या दोहोंत विरोध नाही. परिणामकारक औषध सुरू होताच रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, हे रायली यांच्याच १९६२ च्या निरीक्षणातून दिसले होते. निकटवर्तीयांना होणारी लागण बहुधा निदानापूर्वीची असते. परंतु पहिला सिद्धांत सर्वत्र स्वीकारला गेला आणि दुसरा बाजूस पडला. कारण भाषेच्या अंगानेही समजण्यासारखे आहे. ‘हवा’ या शब्दात पथ्य आणि वाहक हे दोन्ही अर्थ एकवटले होते. पथ्याचा अर्थ गळताच शब्दच वैद्यकातून निवृत्त झाल्यासारखा झाला. उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे वॉर्ड मागे पडले आणि ठेंगण्या, बंदिस्त खोल्यांची रुग्णालये उभी राहू लागली.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बहुऔषधप्रतिरोधक क्षयाची लागण रुग्णालयांच्या आत पसरली. रोगी ज्या औषधांना दाद देत नाही, त्या औषधांनी त्याचा श्वास निर्जंतुक होत नाही; अशा वेळी मद्रासचा दिलासा पुरत नाही आणि बॉल्टिमोरचा इशारा पुन्हा लागू होतो. पेरूच्या लिमा शहरात आणि दक्षिण आफ्रिकेत गिनीपिगांची पद्धत पुनरुज्जीवित झाली. दक्षिण आफ्रिकेतील अशा एका प्रयोगात रोग्यांनी साधी शस्त्रक्रियेची मुखपट्टी लावली असताना ९० पैकी ३६, आणि ती लावली नसताना ९० पैकी ६९ प्राण्यांना लागण झाल्याचे धर्माधिकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले. त्याच वर्षी युगांडातील एका पाहणीत १०१ रोग्यांना बंदिस्त पात्रात खोकावयास लावले असता २८ जणांच्या खोकल्यातूनच जिवंत क्षयजंतू मिळाले. थोडे रोगी अधिक लागण करतात, हे बॉल्टिमोरलाही दिसले होते. ते थोडे कोण, हे आधी ओळखणे मात्र कठीण असते.

यावरून हवापरीक्षेची आजची दिशा कळते. गाळणीवर धरलेल्या कणांत क्षयजंतूचे जनुकद्रव्य शोधता येते. परंतु ते द्रव्य जिवंत जंतूचे की मृताचे हे त्यावरून सहसा ठरत नाही. म्हणून जंतू मोजण्याऐवजी हवा किती वेळा बदलते हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरले, आणि त्यासाठी पेटेनकोफर यांचा कर्बवायू पुन्हा हाताशी आला. एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने किती घेतला, याचे तो सोपे गमक आहे. लिमातील आठ रुग्णालयांच्या २००७ मधील पाहणीत, १९५० पूर्वीच्या उंच छतांच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत दारे-खिडक्या उघडी असता हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. यांत्रिक वायुवीजनाचे विहित प्रमाण १२ आहे. जुन्या स्थापत्याचा सिद्धांत चुकीचा होता, परंतु त्याच्या खिडक्या बरोबर होत्या.

६

शब्दार्थाचा हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हा ‘हवेतून पसरणारा’ रोग नव्हे असे जाहीर केले. तुषार आणि हवेतील कण यांच्यात पाच मायक्रॉनची जी सीमारेषा त्या वेळी प्रमाण मानली जात होती, तिचा उगम कसा झाला याचा शोध २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी घेतला. फुप्फुसात खोल पोहोचण्यासाठी क्षयजंतूच्या कणास लागणारा आकार आणि हवेत तरंगू शकणाऱ्या कणाची मर्यादा, हे दोन वेगळे आकडे कालौघात एक मानले गेले होते, असे त्यांना आढळले. वेल्स यांनी दुसरी मर्यादा सुमारे शंभर मायक्रॉन सांगितली होती. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने तुषार व कण हा भेद सोडून ‘संसर्गकारक श्वसनकण’ या अर्थाची एकच संज्ञा सुचविली. परिभाषेतील एका गोंधळाचे परिणाम वॉर्डातील खिडकीपर्यंत कसे पोहोचतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी परिभाषेसही येथे काम आहे. आरोग्यसेविकेने गावात ‘संसर्ग टाळा’ म्हटले, तर ऐकणारा भांडी वेगळी करतो. ‘हवा चांगली ठेवा’ म्हटले, तर तो गावाच्या हवेकडे बोट दाखवितो. दापोलीसारख्या ठिकाणी ही अडचण अधिकच आहे, कारण तेथील हवा चांगली आहे याविषयी कोणासच शंका नाही. परंतु तेथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. या चार महिन्यांत दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या वर्गात आणि घराच्या माजघरात खिडक्या मिटलेल्या असतात. जवळजवळ पाऊस न पडणाऱ्या लिमात मिळालेला तासाला चाळीसचा आकडा कोकणच्या श्रावणात आपोआप मिळणार नाही. त्यासाठी रुंद पागोळ्यांखाली उघडी राहू शकणारी खिडकी, छपराजवळचे झरोके आणि रोग्यांनी थांबावयाची पडवी यांचा विचार बांधणीच्या वेळीच करावा लागेल. कोकणच्या घरबांधणीत या तिन्ही गोष्टी आहेत, आणि त्यांना नावेही आहेत. पठाराची हवा हा निसर्गाने दिलेला गुण आहे. खोलीची हवा मात्र माणसानेच पालटावी लागते, आणि ती किती पालटली हे मोजून पाहावे लागते.